वाहून आलेल्या देवमाशाचा पंचनामा

समुद्रातला सस्तन प्राणी किनाऱ्यावर सापडतो तो दोन तऱ्हांनी. एक तर तो समुद्रातच मेलेला असतो आणि वारा, भरती, प्रवाह त्याला ढकलत आणतात. नाही तर तो जिवंत येतो, उथळ पाण्यात रुततो आणि वाळूवर मरतो. पहिल्या तऱ्हेत मरण आधी आणि किनारा नंतर. दुसरीत किनारा आधी आणि मरण नंतर. वाळूवरचे मरण कशाने येते हे ठाऊक आहे. पाण्याचा आधार सुटला की स्वतःच्याच वजनाखाली छाती आणि स्नायू चेपले जातात, चरबीच्या जाड थरामुळे अंग आतून तापते, आणि आडव्या पडलेल्या प्राण्याच्या नाकपुडीत भरतीचे पाणी शिरते. पण तो मुळात तिथे आला कशाला, हे त्यावरून कळत नाही. ‘का मेला’ आणि ‘का आला’ हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करायलाच या विद्येला फार वेळ लागला.

डॉल्फिन कधीकधी आपण होऊन किनाऱ्यावर येतात आणि त्याचे कारण कळत नाही, अशी नोंद ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. पुढची दोन हजार वर्षे तिच्यात फारशी भर पडली नाही. लोक प्रश्न विचारत होते, पण ते वेगळे होते: हा कोणाचा, याचे तेल किती निघेल, आणि हा आला म्हणजे आता काय ओढवणार?

मालकीचा प्रश्न इंग्लंडने लवकर मिटवला. दुसऱ्या एडवर्डच्या काळात, चौदाव्या शतकाच्या आरंभी, देवमासा आणि स्टर्जन हे ‘राजाचे मासे’ ठरले. पुढच्या काळात वाहून आलेला देवमासा ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाई. फुटलेल्या गलबतांचा माल सांभाळणारा हाच अधिकारी. म्हणजे तुटक्या फळ्या, दारूची पिंपे आणि मेलेला देवमासा यांची दप्तरी जात एकच. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने एक जुना संकेत नोंदवला आहे: देवमाशाचे डोके राजाचे आणि शेपूट राणीचे, कारण राणीच्या पोशाखाला ‘व्हेलबोन’ लागते. व्हेलबोन हे खरे तर हाडच नव्हे. ते देवमाशाच्या वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, नखासारख्या द्रव्याच्या पट्ट्या असतात. राणीच्या वाट्याला शेपूट देणाऱ्या पंडितांनी देवमासा कधी जवळून पाहिला नसावा.

नेदरलँड्समध्ये तेव्हा देवमासा जवळून पाहणारे पुष्कळ होते. १५९८ साली बेर्कहाय गावाच्या किनाऱ्यावर आलेल्या स्पर्म व्हेलचे चित्र हेन्ड्रिक गोल्ट्झियसने काढले आणि त्यावरून केलेले ठसे युरोपभर खपले. १६०१ च्या डिसेंबरात बेव्हरवेकजवळ दुसरा आला. त्यावरचे यान साएनरेडामचे मुद्राचित्र पुढच्या वर्षीचे. त्यात प्रचंड प्राणी वाळूवर पसरला आहे, माणसे त्याच्यावर चढली आहेत, चित्रकाराने कागद घेऊन बसलेला स्वतःही दाखवला आहे, आणि मधोमध एर्न्स्ट कासिमिर हा सरदार नाकाला रुमाल लावून उभा आहे. चौकटीत भूकंप आणि ग्रहणे. देशाच्या नशिबी काय आहे ते हा मासा सांगतो, असा त्या चौकटीचा अर्थ. मासा स्वतः कशाने मेला, हे चित्रकाराच्या, सरदाराच्या किंवा चित्र विकत घेणाऱ्याच्या मनात आलेले दिसत नाही. रुमालातून मात्र एक गोष्ट नेमकी कळते. पुढच्या तीनशे वर्षांत हे काम पुढे का सरकले नाही, याचे निम्मे उत्तर त्या वासात आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ किनाऱ्यावर उतरले, पण ते नाव ठेवण्यासाठी. खोल समुद्रातले कित्येक प्राणी माणसाला पहिल्यांदा भेटले ते शव होऊन किंवा नुसत्या कवटीच्या रूपात. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर १८०४ साली एक विचित्र कवटी सापडली. जॉर्ज क्यूव्हिएर या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाने १८२३ साली तिचे वर्णन केले, प्राण्याचे नाव ‘झिफियस’ ठेवले आणि तो कधीच नामशेष झाला असावा असे मानले. वास्तविक हा चोचवाला देवमासा जगातल्या बहुतेक समुद्रांत आजही आहे. खोल बुड्या मारतो आणि दिसत नाही, एवढेच. रिचर्ड ओवेनच्या बाबतीतही तेच घडले. इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या दलदलीत सापडलेल्या कवटीवरून त्याने १८४६ साली ‘फॉल्स किलर व्हेल’ या प्राण्याचे वर्णन केले, आणि पंधराएक वर्षांनी त्याच जातीचा जिवंत कळप बाल्टिकमधल्या कीलच्या उपसागरात शिरला. १९२७ च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या डॉरनॉक खाडीत याच जातीचे सुमारे दीडशे प्राणी एकाच वेळी रुतून मेले. क्यूव्हिएरचा झिफियस या हकिकतीत पुढे पुन्हा येणार आहे.

डॉरनॉकचे ते दीडशे नीट मोजले गेले, सांगाडे म्युझियमला मिळाले, याचे कारण तोवर मोजण्याची व्यवस्था उभी राहिली होती. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे प्राणिशास्त्रप्रमुख सिडनी हार्मर यांनी १९१३ साली बोर्ड ऑफ ट्रेडशी बोलणे करून ती उभारली. कल्पना साधी होती. राजाचा हक्क आहेच, रिसीव्हर आणि तटरक्षक किनाऱ्यावर आहेतच. मग देवमासा लागला की त्यांनी म्युझियमला तार करावी. जात ओळखण्यासाठी काय बघायचे याच्या चित्रांसह सूचना गावोगाव गेल्या. खात्री पटत नसेल तर खालचा जबडा किंवा दात पाठवून देण्याची सोय होती. हार्मर यांनी या नोंदींचे अहवाल छापायला सुरुवात केली, पुढे फ्रान्सिस फ्रेझर यांनी ते काम चालवले, आणि बघता बघता ती जगातली सर्वांत लांब चाललेल्या अशा नोंदवह्यांपैकी एक झाली. मध्ययुगातला एक हावरा कायदा विसाव्या शतकात विज्ञानाच्या कामी आला. तो करणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नसणार.

या वहीत तारीख, जागा, जात, लांबी, नर की मादी एवढे असे. मृत्यूचे कारण हा रकाना जवळजवळ रिकामा. हा हार्मर यांचा हलगर्जीपणा नव्हे. त्यांना कोणत्या जाती कुठे आणि कधी फिरतात ते हवे होते; दक्षिण समुद्रात देवमाशांची बेसुमार कत्तल चालू होती आणि तिच्याविषयी सावध करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत ते होते. शिवाय कारण शोधायचे म्हटले तरी साधने नव्हती. देवमासा मेला की चरबीचे जाड आवरण अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि थंडगार किनाऱ्यावरही आतली इंद्रिये अक्षरशः शिजतात. बाहेरून ताजे दिसणारे शव पोट फाडल्यावर लगदा निघते. त्याहून मोठी अडचण अशी, की निरोगी डॉल्फिनचे यकृत कसे दिसते हेच कोणी नीट पाहिलेले नव्हते. जिथे ‘बरोबर’ माहीत नाही तिथे ‘बिघडलेले’ ओळखणार कसे?

बहुतेक ठिकाणी तर वाहून आलेला देवमासा म्हणजे विल्हेवाट लावायचा कचरा होता. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९७० च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स गावाजवळ रस्ते खात्याने असा एक स्पर्म व्हेल अर्धा टन डायनामाइट लावून उडवला. लहान तुकडे बघ्यांच्या अंगावर पडले आणि एक मोठा तुकडा लांब उभ्या असलेल्या मोटारीवर येऊन आदळला. बरेचसे शव होते तिथेच राहिले. उलट दिशेची फजितीही घडलेली आहे. तैवानमधल्या ताइनान शहरात २००४ च्या जानेवारीत एक स्पर्म व्हेल मुद्दाम शवविच्छेदनासाठी ट्रेलरवरून नेत होते. कुजताना पोटात साठलेल्या वायूने तो भर रस्त्यात फुटला आणि दुकाने, वाहने, माणसे रक्ताने न्हाली.

‘का मेला’ या प्रश्नाला जोर आला तो १९८७ आणि १९८८ या लागोपाठच्या दोन वर्षांत.

१९८७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या केप कॉड किनाऱ्यावर हंपबॅक जातीचे देवमासे मरू लागले. पाच आठवड्यांत चौदा. सगळे धष्टपुष्ट, चरबी भरपूर, पोटात नुकते खाल्लेले मासे. एक तर मेलेला सापडण्याआधी दीड तास व्यवस्थित पोहताना लोकांनी पाहिला होता. जोसेफ गेरासी आणि सहकाऱ्यांनी पोटातल्या बांगड्याच्या जातीच्या ‘मॅकरेल’ माशांवरून माग काढला. त्या माशांच्या यकृतात सॅक्सिटॉक्सिन होते. शिंपल्यांतून माणसाला होणाऱ्या एका जीवघेण्या विषबाधेचे हेच विष. ते सूक्ष्म शैवाल तयार करते. शैवालातून माशात, माशातून देवमाशात.

त्याच वर्षी, आधीच्या उन्हाळ्यात, न्यू जर्सीपासून बॉटलनोज डॉल्फिन मरून वाहून येऊ लागले होते. साथ दक्षिणेकडे सरकत गेली आणि १९८८ च्या वसंतापर्यंत फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत सातशे चाळीसहून अधिक शवे मोजली गेली. गेरासी यांच्या चमूने इथेही शैवालाचे विष, ब्रेव्हेटॉक्सिन, हे मूळ कारण म्हणून पुढे केले. ते सर्वांना पटले नाही. प्रदूषणाकडे बोट दाखवणारे पुष्कळ होते. सुदैवाने ऊतींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवले होते. काही वर्षांनी ते पुन्हा काढून नव्या चाचण्या केल्या, तेव्हा १९९४ साली जाहीर झाले की निम्म्याहून अधिक नमुन्यांत मॉर्बिलिव्हायरस आहे. गोवर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर याच कुळातले. एका साथीचे उत्तर सहा वर्षांनी बदलले, आणि तेही केवळ मूळ तुकडे कोणी फेकून दिले नव्हते म्हणून. या क्षेत्रातली ही सर्वांत शिकवणारी गोष्ट म्हणायला हवी. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर तीच साथ पुन्हा आली तेव्हा विषाणू ओळखायला थोडाच वेळ लागला.

युरोपात पाळी सीलची आली. १९८८ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कच्या आनहोल्ट बेटावर सीलची अर्धवट वाढलेली पिल्ले पडू लागली आणि शरदापर्यंत उत्तर समुद्राच्या काठाकाठाने अठरा हजारांवर सील मेले. वर्तमानपत्रांनी समुद्रातल्या विषारी सांडपाण्याला आधीच दोषी ठरवले होते. प्रयोगशाळेत निघाला तो कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा सख्खा भाऊ शोभेल असा नवा विषाणू. तरी एक शंका राहिलीच: प्रदूषणाने सीलची प्रतिकारशक्ती खचली असेल का? ती शंका दूर करायची तर साथ नसलेल्या वर्षांतही प्राणी तपासत राहणे भाग होते.

ब्रिटिश सरकारने पैसे दिले ते या सीलच्या धक्क्यामुळे. १९९० पासून किनाऱ्याला लागलेल्या देवमासे-डॉल्फिनांच्या मृत्यूचा पद्धतशीर तपास सुरू झाला: लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीतले पशुवैद्य, स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसची पशुवैद्यक प्रयोगशाळा, आणि म्युझियमची जुनी वही. अमेरिकेतही डॉल्फिनांच्या साथीनंतर, १९९२ साली, अशा तपासाचा स्वतंत्र कायदा झाला. मधल्या काळात, १९९१ च्या सप्टेंबरात, युरोपातले तपासनीस नेदरलँड्सच्या लायडन शहरात जमले आणि शव कोणत्या क्रमाने उघडायचे, कुठला तुकडा कशात ठेवायचा हे त्यांनी ठरवून टाकले. हे वरवर रुक्ष वाटते. पण एका देशातल्या यकृताची तुलना दुसऱ्या देशातल्या यकृताशी करायची तर दोघांनी ते सारख्याच रीतीने कापलेले असावे लागते.

काम चालते ते असे. आधी शवाची अवस्था ठरते: १ म्हणजे जिवंत, २ ताजे, ३ कुजू लागलेले, ४ पुरते कुजलेले, ५ वाळलेले किंवा नुसती हाडे. विषाणू शोधायचा तर २ च्या पलीकडे फारशी आशा नसते. प्रदूषक रसायने ४ मध्येही मोजता येतात. मग मापे आणि दोन्ही बाजूंचे फोटो. कातडीवरची प्रत्येक रेघ महत्त्वाची. पाठीवरच्या पराजवळ उभा काप घेऊन चरबीचा थर तीन ठिकाणी मोजतात. तो पातळ असेल आणि मानेजवळ खळगा पडला असेल तर प्राणी बरेच दिवस उपाशी होता. पोटाच्या पहिल्या कप्प्यात माशांच्या कानातले चुनखडीचे खडे आणि माकूळांच्या चोची सापडतात. हे लवकर पचत नाही, आणि त्यावरून शेवटचे जेवण कुठल्या व केवढ्या माशाचे होते ते कळते. दात उभा चिरून, घासून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षांची कडी मोजता येतात. सगळ्यांत घाई कानाची. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी मृत्यूनंतर काही तासांतच विरघळतात. त्याआधी कानाचे हाड सोडवून फॉर्मॅलीनमध्ये पडले पाहिजे. तपासनीस पोचेपर्यंत बहुधा ती वेळ टळलेली असते.

या पद्धतीने सुटलेले पहिले मोठे कोडे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचे. १९९२ च्या पहिल्या तीन महिन्यांत कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या किनाऱ्यांवर ११८ डॉल्फिन मरून आले. पशुवैद्य थाइस कायकन आणि सहकाऱ्यांनी उघडून पाहिले तर अंगात रोग नाही, चरबी चांगली, पोटात ताजे मासे. चोचीवर आणि परांच्या कडांवर बारीक तिरकस काप, जबडा मोडलेला, फुफ्फुसात आणि श्वासनळीत फेस. काहींच्या शेपट्या सुरीने छाटलेल्या, काहींचे पोट फाडलेले: जाळ्यातून शव लवकर सुटावे आणि बुडावे म्हणून केलेली तजवीज. कारण होते मासेमारीची जाळी. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन पाणी पिऊन मरतो असे नव्हे. तो श्वास रोखून धरतो आणि गुदमरतो. आज युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पोर्पॉइज (म्हणजे माणसाएवढाच लहानखुरा डॉल्फिनचा नातलग) आणि डॉल्फिनांच्या मृत्यूंमध्ये जाळी हे माणसाच्या हातून घडणारे सर्वांत मोठे थेट कारण मानले जाते.

स्कॉटलंडच्या मरे खाडीतले कोडे वेगळ्या जातीचे निघाले. तिथे पोर्पॉइज बरगड्या मोडलेल्या, फुफ्फुसे फाटलेली, कातडीखाली रक्त साकळलेले अशा स्थितीत येत. बोटीची धडक, जाळी ओढणारी यंत्रे, असे अंदाज झाले. कातडीवर समांतर ओरखडे होते. त्या दोन रेघांमधले अंतर मोजून वेगवेगळ्या प्राण्यांच्या दातांमधल्या अंतराशी ताडले, आणि ते जुळले बॉटलनोज डॉल्फिनशी. दूरचित्रवाणीवर हसऱ्या चेहऱ्याने उड्या मारणारा हाच प्राणी. १९९६ साली हॅरी रॉस आणि बेन विल्सन यांनी हे जाहीर केले, आणि हल्ल्यांच्या प्रत्यक्ष नोंदीही त्यात होत्या. मारलेले पोर्पॉइज खाल्ले जात नव्हते. नेदरलँड्समध्ये नंतर तसेच दुसरे कोडे सुटले. तिथे लचके तोडलेल्या पोर्पॉइजांच्या जखमांत राखाडी सीलचा डीएनए सापडला.

आता झिफियस. १९९६ च्या १२ आणि १३ मे रोजी ग्रीसच्या किपारिसियाकोस आखाताच्या काठावर हे चोचवाले देवमासे डझनभराहून अधिक, एकाच ठिकाणी नव्हे तर विखरून, जिवंत आले आणि मेले. ही जात सहसा एकेकटी लागते. त्याच दिवसांत नाटोचे संशोधन जहाज त्या पाण्यात शक्तिशाली सोनारची चाचणी घेत होते, हे अलेक्झांड्रोस फ्रांत्झिस यांनी शोधून काढले आणि १९९८ साली ‘नेचर’मध्ये मांडले. पण पुरावा वेळापत्रकाचा होता. शवांत डोळ्यांना दिसेल असे काही मिळाले नव्हते, आणि कान कोणी काढले नव्हते.

२००० च्या मार्चमध्ये बहामा बेटांमधल्या वाहिनीतून अमेरिकन आरमाराची जहाजे गेली आणि त्याच सुमारास सतरा प्राणी किनाऱ्याला लागले, बहुतेक चोचवाले. तिथल्या एका बेटावर केन बाल्कम हे देवमाशांचे अभ्यासक राहत होते. त्यांनी डोकी कापून बर्फात ठेवली. डार्लीन केटन यांनी त्यांचे स्कॅन केले, तेव्हा कानाभोवती आणि मेंदूच्या आवरणाजवळ रक्तस्राव दिसला. पुढच्या वर्षाअखेर आरमार आणि अमेरिकी मत्स्यखात्याच्या संयुक्त अहवालाने मध्यम वारंवारतेचा सोनार हेच सर्वांत पटणारे कारण असल्याचे मान्य केले.

कसे, हे मात्र कॅनरी बेटांवर कळले. २००२ च्या २४ सप्टेंबरला फुएर्तेव्हेंतुरा आणि लांसारोते यांच्या किनाऱ्यांवर चौदा चोचवाले देवमासे लागले. नौदलांचा सराव सुरू होऊन चारएक तास झाले होते. लास पाल्मास विद्यापीठाचे अंतोनियो फर्नांदेस आणि त्यांचे सहकारी वेळेवर पोचले आणि त्यांना दहा शवे तपासता आली, काही अगदी ताजी. रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आणि चरबीचे थेंब, ठिकठिकाणी रक्तस्राव, पोटात नुकते खाल्लेले अन्न. हे चित्र पाणबुड्या माणसांच्या डॉक्टरांना ओळखीचे आहे: खोलातून भलत्या वेगाने वर आलेल्या माणसाच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन असाच फुटून निघतो. ब्रिटनचे पॉल जेप्सन आणि फर्नांदेस यांनी २००३ साली ते ‘नेचर’मध्ये मांडले तेव्हा बरीच वादावादी झाली. देवमाशाला पाणबुड्याचा रोग होणे शरीरशास्त्राला पटणारे नव्हते, कारण तो पाणबुड्यासारखा बरोबर नेलेली हवा श्वासात घेत बुडत नाही, एकदाच घेतलेल्या श्वासावर जातो. शिवाय शव कुजतानाही वायू सुटतो. तेव्हा बुडबुड्यांतला वायू सुईने ओढून त्याचे पृथक्करण करण्याची पद्धत बसवावी लागली. कुजण्याच्या वायूत हायड्रोजन आढळतो, या बुडबुड्यांत भर नायट्रोजनचा. सोनारच्या आवाजाने घाबरून हे प्राणी बुड्यांची नेहमीची लय मोडतात आणि त्यातून हा बिघाड होतो, असे आज बहुतेक मानतात. स्पेनने २००४ साली कॅनरी बेटांभोवतीच्या समुद्रात असा सोनार वापरायला बंदी केली, आणि त्यानंतर तिथे चोचवाल्यांचे सामूहिक मृत्यू थांबले. क्यूव्हिएरने नामशेष म्हणून नोंदवलेला प्राणी सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी नौदलांचे नियम बदलून गेला.

काही मृत्यूंत दोन कारणे एकावर एक बसलेली असतात. २०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर ‘लुलू’ नावाने ओळखली जाणारी किलर व्हेल मादी मरून आली. दोरांत गुरफटून मेली, हे खुणांवरून स्पष्ट होते. तिचा छोटासा कळप अभ्यासकांना अनेक वर्षे परिचयाचा होता आणि त्यात एकही नवे पिल्लू दिसलेले नव्हते. अँड्र्यू ब्राउनलो यांच्या चमूने बीजांडकोश तपासले. मादीचे बीज एकदा जरी सुटले तरी तिथे व्रण उरतो आणि जन्मभर पुसला जात नाही. लुलू किमान वीस वर्षांची, पण व्रण एकही नव्हता. चरबीत पीसीबी ही रसायने किलोमागे ९५७ मिलिग्रॅम निघाली. सागरी सस्तन प्राण्यांत अपाय सुरू होतो तो नऊ मिलिग्रॅमच्या आसपास. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये घालण्यासाठी बनवलेली ही रसायने बंद होऊन कित्येक दशके झाली, पण अन्नसाखळीच्या टोकाशी ती साठत राहतात. मृत्यूच्या दाखल्यावर दोर. पिल्ले न होण्याचे कारण वेगळ्याच रकान्यातले.

शव हाती आले तरच हे सगळे. मेक्सिकोच्या आखातात २०१० च्या तेलगळतीनंतर झालेल्या हिशोबात असे दिसले की तिथे मेलेल्या देवमासे-डॉल्फिनांपैकी सरासरी शंभरातली दोनच शवे सापडत असावीत. बाकीची बुडतात, खाल्ली जातात, उलट्या प्रवाहाने दूर निघून जातात. किनाऱ्यावरच्या आकड्यावरून समुद्रातला आकडा काढणे म्हणूनच जोखमीचे.

आणि अख्खा कळप जिवंत लागतो तेव्हा शवात उत्तर नसतेच. पायलट व्हेल ही यातली नेहमीची जात. एकमेकांना न सोडण्याची त्यांची सवय त्यांना भोवते. २०११ च्या जुलैत स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला ड्यूर्नेसच्या खाडीत सत्तर पायलट व्हेल शिरले. लोकांनी बहुतेकांना बाहेर काढले, एकोणीस मेले. उघडून पाहिले तर धडधाकट. चार वर्षांनी निघालेल्या अहवालाने बोट ठेवले ते जवळच्या लष्करी पट्ट्यात आदल्या चोवीस तासांत उडवलेल्या न फुटलेल्या बॉम्बांवर, आणि त्याबरोबरच वाट चुकवणाऱ्या उथळ खाडीवर. तमिळनाडूत मणप्पाडच्या किनाऱ्यावर १९७३ च्या जानेवारीत १४७ पायलट व्हेल लागले होते. त्रेचाळीस वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीत, त्याच पट्ट्यात ऐंशीहून अधिक लागले. कोळ्यांनी परत ढकललेले काही पुन्हा फिरून वाळूवर आले. भारतात सागरी मत्स्य संशोधन संस्थेने अशा नोंदी अनेक दशके जपल्या आहेत, आणि हार्मर यांच्या वहीप्रमाणेच त्यात तारीख, जागा, जात, लांबी हे रकाने नेटके भरलेले असतात.

कोकण किनाऱ्यावर कारणाचा रकाना भरायला हवामानच आडवे येते. ज्या अवस्थेला स्कॉटलंडच्या हिवाळ्यात दिवसचे दिवस लागतात ती इथे एका दुपारीत गाठली जाते, आणि पावसाळी वाऱ्याने लोटत आणलेले शव बहुधा ४ क्रमांकाचेच असते. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा जिवंत लागला. निळ्या देवमाशाच्या मानाने हे पोरच. गावकरी आणि वनखात्याची माणसे तासन्‌तास त्याला पाण्यात लोटायला झटली, पण भर पावसाळ्यातला समुद्र त्याला पुन्हा पुन्हा वाळूवर आणून टाकत राहिला. तो मेल्यावर किनाऱ्यावरच खड्डा खणून पुरला.